मोगऱ्याच्या वासाचे मोजे

टिपणिसांच्या कमळाकरने त्या रविवारी फक्त एवढंच ठरवलं होतं, की टाकीतला जुना स्पंज काढून नवा बसवायचा. बस्स. चहा आणि अंघोळ यांच्यामध्ये उरकेल एवढंच काम. पण अंगात बनियन, हातात काळाकुट्ट स्पंज आणि कोपरापर्यंत खारं पाणी अशा अवस्थेत असताना रोह्याहून त्याच्या मेहुण्याचा, महादेवरावांचा, फोन आला आणि कमळाकरने तो खांद्याने कानाशी दाबून घेतला. (घेतला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण टाकीबद्दल बोलायची संधी सोडली तर तो कमळाकर कसला!)

कमळाकर डोलवीच्या एका कंपनीत स्टोअर्सला होता. दिवसभर नटबोल्ट आणि बेअरिंगं मोजून देणारा हा माणूस पेणला विमलबाईंच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचा, आणि गेल्या दिवाळीपासून त्याला समुद्र पाळायचं वेड लागलं होतं. नुसते मासे पुष्कळजण पाळतात. कमळाकरने हॉल आणि जेवणघर यांच्यामध्ये चार फुटांची काचेची टाकी मांडली होती, तिच्यात खडक, खडकांवर उमलणारी-मिटणारी जिवंत प्रवाळं, आणि त्यांच्यातून फिरणारी नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांची एक जोडी. मादीचं नाव सगुणा, नराचं हिरामण. या जातीत मादी अंगाने मोठी असते, घर तिच्या हुकमाने चालतं आणि नर नुसता मागे मागे हिंडतो, हे कळल्यावर कमळाकरच्या बायकोला, वृंदाला, त्या टाकीबद्दल पहिल्यांदाच थोडी आपुलकी वाटली होती.

पण थोडीच. कारण टाकीसाठी मीठसुद्धा परदेशी लागायचं. त्याचं पोतं जिन्यावरून चढवताना खालच्या विमलबाई पापड लाटायच्या थांबून विचारायच्या, "भाऊ, ह्यात काय हाय?"

"मीठ."

"मीठ? पेणात ऱ्हाऊन मीठ बाहेरनं आणता? खाडीवरच्या मिठागराचं काय वाकडं झालं?"

यावर कमळाकर त्यांना समुद्री क्षारांचं प्रमाण समजावून सांगायचा आणि वृंदा वरून दार लावून घ्यायची. शेवटी तिने जाहीर करून टाकलं होतं, "यापुढे टाकीसाठी एक वस्तू विकत आणलीत तर मी माहेरी जाईन. आणि माहेरी दादाची टाकी आहे, म्हणजे तिथेही सुटका नाही, हे ठाऊक असूनसुद्धा जाईन!"

तर त्या रविवारी महादेवरावांनी विचारलं, "काय चाललंय, कमळाकरराव?"

"स्पंज बदलतोय."

पलीकडे शांतता पसरली. महादेवराव रोह्याच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये होते, आणि माणसाला कधी गप्प राहून लाजवायचं हे त्यांना चांगलं कळत असे.

"अजून स्पंज?" ते अखेर म्हणाले. "अहो, स्पंज म्हणजे केर काढून पलंगाखाली सारायचा. घाण अडकते खरी, पण तिथेच पाण्यात कुजत बसते. माझ्याकडे या, रोलर बघा. गाळायच्या कापडाची अख्खी गुंडाळी असते. कापड मळलं की मोटर आपोआप पुढचं कोरं कापड सरकवते. मी हातसुद्धा लावत नाही."

कमळाकरने किंमत विचारली. ऐकल्यावर त्याने फोन या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला, पण त्या कानालाही ती तेवढीच ऐकू आली.

"राहू दे," महादेवराव मायेने म्हणाले. "मुद्द्याचं सांगतो. माझ्या सोनेरी टोकांच्या प्रवाळाला दुसरं तोंड फुटलंय. ते मी तुम्हाला द्यायचं म्हणतोय."

कमळाकरच्या हातातून स्पंज पडला. ते प्रवाळ! पाण्यात सोनेरी बोटं हलवणारं, पाहता पाहता जेवण विसरायला लावणारं! रोह्याला गेलं की तो त्याच्यासमोर स्टूल टाकून बसायचा आणि सासूबाई वृंदाला विचारायच्या, जावई रुसलेत का गं?

"पण एक अट," महादेवराव म्हणाले. "त्याला स्वच्छ पाणी लागतं. पंधरा दिवसांनी रविवारी मी ते घेऊन येतो. हॉलमध्ये उभं राहून तुमच्या टाकीतून पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता आलं, तर प्रवाळ तुमचं. नाहीतर मी संध्याकाळच्या गाडीने त्याला घेऊन परत."

कमळाकरने लगेच हॉलमध्ये जाऊन टाकीतून पाहिलं. कॅलेंडर सोडा, भिंतसुद्धा अंदाजानेच ओळखावी लागत होती.

त्या दिवसापासून कमळाकरला दुसरं काही सुचेना. टाकीच्या खाली, कपाटात, एक छोटी टाकी होती. वरचं पाणी नळीतून तिच्यात उतरायचं, तिथे गाळलं जायचं आणि पंपाने परत वर जायचं. प्रश्न एवढाच, की गाळायचं कशाने? डोलवीच्या बसमध्ये तो शेजारच्याला सांगायला लागला, की स्पंज, कापूस, मोजे आणि रोलर असे गाळण्याचे चार मार्ग आहेत. शेजारच्याने तिसऱ्या दिवशी जागा बदलली.

रोलर परवडणारा नव्हता, म्हणून आधी कापूस. साधा नव्हे, उशीत भरतात तो पांढरा, फुगीर, कृत्रिम. नवी वस्तू विकत आणायला घरात बंदी होती, पण उशा घरातच होत्या. कमळाकरने पाहुण्यांच्या उशीची शिवण दोन बोटं उसवली, मूठभर कापूस काढला आणि नळीच्या तोंडाखाली लावला. आणि काय सांगावं! तासाभरात पाणी असं उजळलं, की हिरामणच्या अंगावरचा प्रत्येक पट्टा वेगळा दिसायला लागला. कमळाकर आनंदाने ओरडला, "वृंदा! पलीकडची भिंत दिसली!"

"भिंत आधीपासून आहे तिथे," स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

पण या कापसाची खोड अशी, की तो जितका चांगला गाळतो तितका लवकर चोंदतो. दिवसातून तीन-तीनदा फेकायचा आणि नवा लावायचा. पाहुण्यांची उशी संपली. मग कमळाकरची स्वतःची. मग, माणूस एकदा घसरला की घसरतच जातो, वृंदाची.

"अहो, माझी उशी एवढी चपटी कशी झाली?"

"तुझ्या डोक्यात विचार फार," कमळाकर म्हणाला. हे उत्तर त्याला फार हुशारीचं वाटलं. वृंदाने त्या रात्री त्याची उशी ओढून घेतली, तर तिच्यात नुसता अभ्राच निघाला. पुढचं संभाषण इथे देण्यासारखं नाही. तात्पर्य, कापूस बंद.

राहिले मोजे. मोजे म्हणजे फेल्टच्या जाड कापडाची लांब, पांढरी पिशवी. वर प्लॅस्टिकचं कडं. ते कडं छोट्या टाकीच्या खाचेत बसवायचं, की वरून येणारं सगळं पाणी त्या पिशवीतून गाळून जातं. मळली की काढून धुवायची आणि पुन्हा लावायची. या धंद्यातले सगळेजण तिला सॉक्स म्हणतात. कमळाकरने चार सॉक्स गुपचूप मागवले, आणि ते नेमके वृंदाच्याच हातात पडले.

"हे काय?"

"सॉक्स," कमळाकर म्हणाला. खोटं बोलायची इच्छा नव्हती; पण वृंदाचा चेहरा पाहून पुढचे शब्द आपोआप आले. "कंपनीचे. सेफ्टीचे."

वृंदाने एक सॉक्स उलटसुलट करून पाहिला. एवढा जाड, एवढा लांब, वर कडं. भट्टीजवळ घालायचे असतील, कडं गुडघ्याला अडकवायचं असेल. स्टोअर्समधल्या माणसाला भट्टीजवळ काय काम, हे काही तिच्या लक्षात येईना. पण कंपनीच्या गोष्टींत तिने कधीच डोकं घातलं नव्हतं.

आणि मोज्यांनी कमाल केली! पाणी दिवसागणिक निवळत गेलं. कमळाकर रोज हॉलमध्ये उभा राहून कॅलेंडर वाचायचा. आधी नुसता महिना, मग तारखा, मग तारखांखालची चतुर्थी-एकादशी. प्रवाळं फुलली. सगुणा इतकी खूश झाली, की तिने हिरामणला चावायचं सोडलं. कमळाकर बाथरूमचं दार लावून मळके मोजे नुसत्या पाण्यात चोळायचा, चक्क शीळ घालत, आणि मागच्या गॅलरीत वाळत टाकायचा.

शनिवारी सकाळी महादेवरावांचा फोन आला. वृंदा पोळ्या लाटत होती. तिला फक्त कमळाकरचं बोलणं ऐकू आलं.

"हो, सॉक्स तीन-तीन दिवस ठेवतो... वास? येतो ना, तिसऱ्या दिवशी चांगलाच येतो... छे छे, साबण अजिबात नाही! साबणाला मी शिवतसुद्धा नाही. नुसतं पाणी... हो, उलटे करून झटकतो... या उद्या, वास घेऊनच बघा!"

वृंदाच्या हातातलं लाटणं थांबलं. हा माणूस तीन-तीन दिवस एकच मोजा घालतो, साबण लावत नाही, हे तिच्या सख्ख्या भावाला अभिमानाने सांगतो, आणि वर त्याला वास घ्यायला बोलावतो! दादा उद्या घरी येणार. काय म्हणेल? माझी बहीण नवऱ्याचे मोजेसुद्धा धूत नाही?

कमळाकर शिफ्टला गेल्यावर तिने गॅलरीतले तीनही मोजे गोळा केले. (चौथा टाकीत होता. कपाटात डोकावायची तिने कधी तसदी घेतली नव्हती.) गरम पाणी, भरपूर पावडर, वर डागांसाठी आणखी थोडी पावडर, आणि शेवटी मोगऱ्याच्या वासाचं ते कपडे मऊ करणारं औषध. वाळवून, घडी घालून तिने ते पुन्हा जागेवर ठेवले. नवऱ्याला काही सांगितलं नाही. लाजेल बिचारा, असं तिला वाटलं.

रविवार उजाडला. कमळाकर लग्नाच्या दिवशी उठला नसेल इतक्या उत्साहात उठला. काच पुसली, खडक झाडले, आणि पाहुण्यासाठी पायपुसणं बदलावं तसा टाकीतला मळका मोजा काढून कोरा मोजा बसवला. क्षणभर मोगऱ्याचा वास आला. वृंदाने गजरा आणला असेल, असं म्हणून तो महादेवरावांना आणायला स्कूटरवरून पेण स्टेशनला गेला.

महादेवराव रोह्याच्या गाडीतून उतरले ते स्टीलचा डबा टॉवेलात गुंडाळून छातीशी धरूनच. "गाडीत एक बाई सारखी विचारत होती, कालवण आहे का," ते म्हणाले. स्कूटरवरून येताना कमळाकर प्रत्येक खड्ड्यापाशी थांबून मागे बघत होता.

घराच्या फाटकाशी पोचले, तर अंगणात विमलबाई कमरेवर हात ठेवून वर बघत उभ्या. त्यांच्यासमोर खाटेवर पोह्याचे पापड वाळत घातलेले, आणि वरच्या गॅलरीच्या नळीतून त्यांच्यावर पांढराशुभ्र फेस सावकाश, ठिबकत, लोंबत उतरत होता.

"भाऊ! तुमच्या माशांनी माझ्या पापडांवर आंघोळ केली!"

कमळाकर जिना तीन-तीन पायऱ्यांनी चढला. हॉलमध्ये वृंदा सोफ्यावर चढून उभी होती. टाकीखालच्या कपाटाची दारं उघडी पडली होती आणि आतून फेस येत होता. कपाटात स्किमर नावाचं एक नळकांडं असे. ते पाण्यात बुडबुडे सोडून त्यातली चिकट घाण फेसाच्या रूपाने वर काढायचं. एरवी दिवसाकाठी चमचाभर. आज त्याला साबण मिळाला होता. फेस नळकांड्यावरच्या कपातून वर, वरून खाली, जमिनीवरून सोफ्याखाली, सोफ्याखालून गॅलरीकडे निघाला होता, आणि अख्ख्या घरात मोगरा दरवळत होता.

"तुझा मोजा!" कमळाकर किंचाळला. "म्हणजे माझा! म्हणजे टाकीचा! कोणी धुतला?"

"टाकीचा?" वृंदा सोफ्यावरूनच किंचाळली. "भट्टीचा ना?"

"कुठली भट्टी?"

"कंपनीची!"

"अगं, सगुणा मरेल!"

हे ऐकून वृंदाचा चेहरा बदलला. तिने टाकीत पाहिलं. पाणी दुधासारखं गढूळलं होतं, प्रवाळं मिटून गेली होती, आणि सगुणा पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होती. वृंदा फेसात उडी मारून खाली उतरली.

"पंप बंद करा! दादा, डबा टेबलावर ठेव आणि हे स्किमरचं बटण बघ. विमलबाई, खालून मोठं पातेलं आणा, साबण न लागलेलं! अहो, उभे काय राहिलात? ताजं खारं पाणी कुठे आहे?"

कमळाकरने पाणी बदलायला एक पिंप भरून बाथरूममध्ये तयार ठेवलं होतं. हे तिला कसं ठाऊक, याचं आश्चर्य करायला त्याला वेळ नव्हता. विमलबाई पापडांचं मोठं पातेलं घेऊन जिन्यावरून धावत आल्या. पातेल्यात ताजं पाणी ओतलं, त्यात हवेची नळी सोडली. सगुणा जाळ्यात लगेच आली. हिरामण मात्र खडकाच्या कपारीत शिरून बसला.

कमळाकरने नवा सदरा घातला होता. त्याने बाहीसकट हात खांद्यापर्यंत टाकीत बुडवला. "ये रे राजा, ये," तो हळूहळू म्हणत होता. "माझं चुकलं. खरं सांगितलं असतं तर हे झालं नसतं. ये." बोटांना काहीतरी मऊ लागलं. त्याने ओंजळ मिटली, अलगद वर काढली, आणि हिरामण पातेल्यात पडला. पडल्या पडल्या तो सगुणाच्या मागे जाऊन उभा राहिला.

"वाचला गो बाय!" विमलबाईंनी टाळी वाजवली. "पापड गेले ते गेले. मासा वाचला, बास."

मग दुपार कुठे गेली कोणालाच कळलं नाही. महादेवराव बादल्यांनी साबणाचं पाणी उपसत होते, वृंदा पिंपातलं ताजं पाणी ओतत होती, विमलबाई जमीन पुसत होत्या, आणि मोगरा लागलेले तीनही मोजे जिन्यावरून फेकून दिले गेले होते. पाण्यातला उरला साबण शोषून घ्यायला महादेवरावांनी बॅगेतून कोळशाच्या काळ्या दाण्यांची पुडी काढली. आता गाळायला फक्त सकाळी काढलेला मळका मोजा उरला होता. कमळाकरने तो नुसत्या पाण्यात असा धुतला, की लहान मुलाचं अंगडंही कोणी इतक्या हळुवारपणे धुतलं नसेल. मोजा बसवला. पंप सुरू झाला. चौघंही जमिनीवर मांडी घालून टाकीकडे बघत बसली.

पाणी निवळायला लागलं.

"भिंत," वृंदा पुटपुटली. मग, "कॅलेंडर! अहो, कॅलेंडर दिसलं!"

एक प्रवाळ किंचित उघडलं. मग दुसरं. विमलबाईंनी पदर तोंडाला लावला. महादेवराव उठले, चष्मा पुसला, हॉलमध्ये नेमकी जागा धरून उभे राहिले आणि टाकीतून पलीकडे बघत मोठ्याने वाचू लागले. कॅलेंडर गावातल्या पतपेढीचं होतं. त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत राशिभविष्य छापलेलं असे.

"कन्या. या महिन्यात पाण्यापासून जपावे. पत्नीशी स्पष्ट बोलावे." त्यांनी मान वळवली. "कमळाकरराव, तुमची रास कोणती?"

"कन्या," वृंदा म्हणाली.

सगळी हसली, कमळाकरही. महादेवरावांनी टॉवेल सोडला, डबा उघडला आणि ते सोनेरी टोकांचं प्रवाळ बाहेर काढलं. कमळाकरने दोन्ही हात पुढे केले. महादेवरावांनी त्याच्या हातांवरून ते सरळ वृंदाच्या हातात दिलं.

"टाकीत कोण सोडणार, हे मी आज ठरवलं," ते म्हणाले.

वृंदाने ते खडकावर बसवलं, मधोमध, उजेडात, आणि पातेल्यातल्या जोडीलाही परत टाकीत सोडलं. संध्याकाळपर्यंत प्रवाळाने एक सोनेरी बोट बाहेर काढलं होतं, आणि रोह्याची गाडी गाठायची असूनही कोणी उठायला तयार नव्हतं.

त्यानंतर घरात बराच फरक पडला. कमळाकर एक अख्खा आठवडा शिफ्टच्या आधी विमलबाईंकडे पापड लाटायला जात होता. त्याचे पापड खाडीच्या काठासारखे कुठूनही वळायचे, तेव्हा विमलबाईंनी त्याला हात जोडून मोकळं केलं. वृंदा मात्र टाकीत पार बुडाली. कुठल्या प्रवाळाला किती उजेड, कोणाला किती खाणं, सगळं तिने हातात घेतलं. तिने स्वतःच्या पसंतीने आठ नवे मोजे मागवले, आणि टाकीसाठी वस्तू आणायची नाही ही अट फक्त कमळाकरपुरती उरली. शेजारपाजारची माणसं टाकी बघायला यायला लागली. ती खुर्चीवर बसून त्यांना गाळण्याचे चार मार्ग समजावून सांगायची आणि माणसं तल्लीन होऊन ऐकायची. (हेच कमळाकर बसमध्ये सांगत होता, तेव्हा काय झालं होतं!)

एका सकाळी कमळाकर मागच्या गॅलरीत मोजे वाळत घालत होता. आतून वृंदाचं फोनवरचं बोलणं ऐकू येत होतं. पलीकडे महादेवराव होते. त्यांच्या रोलरची मोटर जळली होती, पाणी गढूळ झालं होतं, आणि ते अगदी काकुळतीला आले होते.

"नाही रे दादा, आमचं कधी बंद पडत नाही," वृंदा सांगत होती. "पूर्ण ऑटोमॅटिक आहे. सकाळी आपोआप सुरू होतं. मळका मोजा स्वतः काढतं, धुतं, वाळत घालतं, नवा बसवतं. मी हातसुद्धा लावत नाही."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"वीज? छे, वीज नाही लागत. सकाळी एक कप चहा घातला की दिवसभर चालतं."

कमळाकरच्या हातातला चिमटा हवेतच थांबला.

"मॉडेल ना? जुनं आहे रे, चौऱ्याहत्तरचं. थोडी बडबड करतं, पण काम चोख. दुकानात नाही मिळणार तुला, आता असं बनवत नाहीत." वृंदा जरा थांबली. "पाठवते की. शनिवारी कंपनीतून सुटलं, की बसवून देते रोह्याच्या गाडीत."